दहावीनंतर एक वर्ष परदेशातल्या शाळेत: कोल्हापूरच्या मुलांसाठी आणि पालकांसाठी

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घराघरांत एकच विषय असतो: सायन्स की कॉमर्स, कॉलेज कुठलं आणि क्लास कुठला. याच टप्प्यावर आणखी एक वाट आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. अकरावीला प्रवेश घेण्याआधी एक शैक्षणिक वर्ष परदेशातल्या शाळेत काढायचं, तिथल्याच एखाद्या कुटुंबात राहायचं आणि वर्ष संपलं की परत यायचं. याला स्टुडंट एक्स्चेंज म्हणतात.

एक गोंधळ आधी दूर करू. दहा-पंधरा दिवसांची शैक्षणिक सहल म्हणजे एक्स्चेंज नव्हे. भरमसाट फी भरून परदेशी निवासी शाळेत घेतलेला प्रवेशही नव्हे. एक्स्चेंजमध्ये मूल यजमान कुटुंबात राहतं, त्या गावातल्या पोरांबरोबर तिथल्याच शाळेत जातं, त्या घराचे नियम पाळतं. माझं मत स्पष्ट आहे: या वर्षात शाळेपेक्षा घर महत्त्वाचं. ज्या मुलाला परक्या घरात घरच्यासारखं वागता येतं, त्याला शाळाही जमते. आणि त्याची तयारी विमानात बसायच्या आधी, इथेच, आपल्या स्वयंपाकघरात होते.

कधी जायचं

राज्य मंडळाच्या मुलांसाठी सगळ्यात सोयीची वेळ दहावीनंतरची. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. अमेरिकेतली आणि युरोपातल्या बऱ्याच देशांतली शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होऊन मे-जूनच्या सुमारास संपते. म्हणजे निकाल हातात घेऊन जायचं आणि पुढच्या वर्षीच्या अकरावी प्रवेशाच्या सुमारास परतायचं. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, ऑस्ट्रेलियाचं जानेवारीच्या अखेरीस. त्या तुकड्यांची निघायची वेळ नेमकी बोर्डाच्या परीक्षेवर येते, त्यामुळे तिथे जायचं असेल तर तारखा आधी जुळवून बघा.

अकरावीच्या मध्यात जाणं मी सुचवणार नाही. हजेरी, प्रात्यक्षिकं, परत आल्यावर थेट बारावीत घेणार की नाही, अशा पन्नास भानगडी उभ्या राहतात. तरीही तेच करायचं असेल तर कॉलेजकडून आधी लेखी उत्तर घ्या. बारावीनंतर शालेय एक्स्चेंजची दारं जवळपास बंद होतात. अमेरिकेच्या नियमानुसार कार्यक्रम सुरू होताना विद्यार्थ्याचं वय १५ ते साडेअठराच्या दरम्यान हवं आणि त्याचं ११ वर्षांपेक्षा जास्त शालेय शिक्षण झालेलं नसावं.

आता पालकांचा पहिला प्रश्न: वर्ष वाया जाणार का? वर्ष एकाने पुढे जातं, हे खरं. पण स्पर्धा परीक्षांची दारं त्यामुळे बंद होत नाहीत. जेईई मेन सलग तीन वर्षं देता येते आणि अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षं, पण हे मोजमाप बारावीच्या वर्षापासून होतं, दहावीपासून नाही. नीटला किमान वयाची अट आहे, ती एक वर्ष उशिराने आणखी सहज पूर्ण होते. राज्याच्या कोट्यातून प्रवेश घेताना दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झाली आहे का, हे पाहतात. मधलं एक वर्ष बाहेर गेल्याने त्या दोन्हींना धक्का लागत नाही. एवढं मात्र खरं की परत आल्यावर बरोबरीचे मित्र बारावीत असतात. ज्या मुलाला याचा फार त्रास होईल असं वाटतं, त्याला ओढून पाठवू नका.

कोणामार्फत जायचं

कोल्हापुरातून सगळ्यात जवळचा दरवाजा रोटरीचा. रोटरी यूथ एक्स्चेंजचा दीर्घ मुदतीचा कार्यक्रम १५ ते १९ वयाच्या मुलांसाठी आहे. कोल्हापूर रोटरीच्या डिस्ट्रिक्ट ३१७० मध्ये येतं. आई-वडील रोटेरियन असायलाच हवेत असं नाही, पण अर्ज स्थानिक क्लबमार्फतच जातो, म्हणून शहरातल्या किंवा इचलकरंजी-जयसिंगपूरकडच्या एखाद्या क्लबच्या सचिवांना भेटायचं आणि या वर्षी डिस्ट्रिक्टमधून मुलं पाठवणार आहेत का, हे विचारायचं. या कार्यक्रमात सहसा वर्षभरात एकापेक्षा जास्त यजमान कुटुंबं मिळतात, तिथला क्लब थोडा खाऊचा पैसा देतो, आणि बदल्यात इथेही परदेशी मुलाला ठेवून घ्यायची अपेक्षा असते.

दुसरा मोठा दरवाजा एएफएसचा. पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या रुग्णवाहिका सेवेतून, १९१५ मध्ये, ही संस्था जन्मली आणि १९४७ पासून शालेय मुलांची देवाणघेवाण करते. भारतात तिची शाखा आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००२ मध्ये सुरू केलेला केनेडी-लुगार येस कार्यक्रम पूर्ण शिष्यवृत्तीचा आहे आणि त्यात भारतातल्या मुलांचीही निवड होत आली आहे. सरकारी निधीवरचा कार्यक्रम असल्याने त्या वर्षी अर्ज मागवले आहेत का, हे आधी तपासा. शिवाय सरकारी पैशाने गेलेल्या मुलाला परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय अमेरिकेचा नोकरीचा किंवा कायमच्या वास्तव्याचा व्हिसा मिळत नाही. शिक्षणासाठीच्या व्हिसाला ही अट आड येत नाही.

जपानचा साकुरा सायन्स कार्यक्रम छोट्या मुदतीचा असतो आणि तिथे आपण थेट अर्ज करत नाही. निवड शाळा आणि शिक्षण खात्यामार्फत होते. विज्ञानात पुढे असलेल्या मुलांच्या मुख्याध्यापकांनी त्यावर लक्ष ठेवावं.

एजंटांबद्दल मात्र सावध राहा. जाहिरात बघून कुणी पैसे मागितले तर दोन गोष्टी विचारा. अमेरिकेसाठी असेल तर तिथली संस्था परराष्ट्र खात्याच्या मान्यताप्राप्त प्रायोजकांच्या यादीत आहे का? आणि यजमान कुटुंबाला पैसे मिळणार आहेत का? अमेरिकेच्या जे-१ (एक्स्चेंजसाठीचा व्हिसा) शालेय कार्यक्रमात यजमान कुटुंब मोबदला न घेता मुलाला ठेवतं आणि घरातल्या प्रौढांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते. याचं उत्तर गोलमोल आलं तर तिथून उठायचं.

पासपोर्ट आणि नावाची गोष्ट

निघायच्या किमान वर्ष-दीड वर्ष आधी पासपोर्ट हातात हवा. कोल्हापुरात पोस्टाच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम होतं, पुण्याला जायची गरज सहसा पडत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचा साधा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तोवरचा असतो. पण १५ ते १८ वयाच्या मुलांना पूर्ण १० वर्षांचा पासपोर्टही घेता येतो. फी १००० ऐवजी १५०० रुपये. हाच घ्या. नाहीतर सोळाव्या वर्षी काढलेला पासपोर्ट परदेशात असतानाच संपायला येतो आणि व्हिसाच्या वेळी अडचण होते.

खरी डोकेदुखी नावाची. आपल्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर क्रम वेगळा. जन्मदाखल्यावर एखादं स्पेलिंग वेगळं. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. तो रिकामा राहिला तर व्हिसावर नावाच्या जागी भलतंच काहीतरी छापून येतं आणि पुढे प्रत्येक खिडकीवर खुलासे करत बसावं लागतं. मुलाचं आणि वडिलांचं नाव ‘दिलेलं नाव’ या रकान्यात एकत्र जातं. बोर्डाच्या प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग प्रमाण माना, आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि मगच पासपोर्टचा अर्ज भरा. हा क्रम उलटा केला की महिने जातात. आई-वडील दोघांच्या संमतीचा परिशिष्ट डी हा नमुना लागतो. दोघांपैकी एक नोकरीसाठी बाहेर असेल तर त्यांची सही आधीच मागवून ठेवा.

व्हिसा

अमेरिकेचं उदाहरण घेतो, कारण तिथली प्रक्रिया सगळ्यात लांबलचक. प्रायोजक संस्था डीएस-२०१९ हा कार्यक्रमातल्या निवडीचा फॉर्म पाठवते. त्यानंतर सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी यंत्रणेची, २२० डॉलर फी, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मग १८५ डॉलर व्हिसा फी. मुंबईत बोटांचे ठसे आणि फोटो वेगळ्या केंद्रात होतात आणि मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी तसंच मुलाखतीला जाणं टाळा; आदल्या दिवशी पोहोचा. अर्जात गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती लिहावी लागतात आणि २०२५ पासून विद्यार्थी व एक्स्चेंज व्हिसाच्या अर्जदारांना ती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. मुलाबरोबर बसून ती एकदा पाहून घ्या.

मुलाखतीत प्रश्न साधे असतात: कुठे जाणार, कुणाकडे राहणार, परत येऊन काय करणार. उत्तर मुलानेच द्यायचं. पाठ केलेलं इंग्रजी तिथे उपयोगी पडत नाही. भाषेची चाचणी याआधीच होते. अमेरिकेच्या कार्यक्रमांत बहुधा एल्टिस नावाची ऐकण्या-वाचण्याची परीक्षा असते. मराठी माध्यमाच्या मुलाने घाबरून माघार घेऊ नये. व्याकरणापेक्षा कान तयार होणं महत्त्वाचं, आणि ते सहा महिने रोज तासभर ऐकलं तर होतं.

लसींचं पत्रक

याकडे सगळे शेवटच्या महिन्यात वळतात आणि तिथेच फसतात. अमेरिकेतल्या शाळा लसींची नोंद पूर्ण असल्याशिवाय वर्गात बसू देत नाहीत. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी लसीकरणात नाही, त्यामुळे अनेक मुलांनी ती घेतलेलीच नसते. तेरा वर्षांवरच्या मुलाला तिचे दोन डोस किमान चार आठवड्यांच्या अंतराने लागतात. सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेला मिळते, पण तिकडे गालगुंडासह एमएमआर मागतात. धनुर्वाताच्या बूस्टरमध्ये डांग्या खोकल्याचा घटक असलेली टीडॅप आणि बऱ्याच राज्यांत मेंदुज्वराची लस लागते. म्हणजे निघायच्या चार-पाच महिने आधी बालरोगतज्ज्ञांकडे शाळेचं पत्रक घेऊन जायचं आणि वेळापत्रक आखून घ्यायचं.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. आपल्या मुलांना लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे क्षयाची त्वचाचाचणी परदेशात पॉझिटिव्ह दिसू शकते आणि विनाकारण धावपळ होते. इग्रा नावाच्या रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. संस्थेला चालत असेल तर तीच करून अहवाल बरोबर द्या. जुनं पिवळं लसीकरण कार्ड हरवलं असेल तर जिथे लसी दिल्या तिथल्या नोंदवहीतून इंग्रजीत तारखांसह दाखला लिहून घ्या.

खर्च

राहणं-जेवण यजमानांकडे असलं तरी विमान, व्हिसा, विमा, कार्यक्रमाची फी, हातखर्च आणि अडीअडचणीसाठी ठेव हे सगळं आपल्याकडे असतं. फीच्या पत्रकात विमा धरला आहे का, हे वाचा. जे-१ साठी प्रत्येक आजारामागे किमान १ लाख डॉलरचं संरक्षण आणि स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम ५०० डॉलरपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. दात आणि चष्मा बहुतेक विम्यांत नसतात, म्हणून दातांची कामं इथेच उरकून घ्या आणि एक जादा चष्मा बरोबर द्या.

यजमान कुटुंबाला पत्र

अर्जात हे पत्र सगळ्यात वजनदार. कुटुंबं शेकडो अर्जांमधून मूल निवडतात ते बहुतेक याच पानावरून. आपली मुलं इथे टक्केवारी आणि पदकं लिहितात. त्याऐवजी रोजचा दिवस लिहावा. सकाळी उठून दूध आणायला कोण जातं, आजीबरोबर कुठली मालिका बघतोस, भावाशी कशावरून वाजतं, पाऊस सुरू झाला की पंचगंगेचं पाणी वाढतं तेव्हा घरात काय चालतं. सुट्टीत गावी गुऱ्हाळावर गेला असशील तर रस आटून गूळ कसा होतो ते लिही. ‘मला नवीन संस्कृती शिकायला आवडते’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

खाण्याचं खरं लिहायचं. शाकाहारी असशील तर अंडं चालतं की नाही, मटण खात असशील तर गोमांस आणि डुकराचं मांस चालतं का, उपवास करतोस का. अर्ज नाकारला जाईल म्हणून ‘सगळं चालतं’ लिहिणारी मुलं पहिल्याच आठवड्यात उपाशी राहतात. पाळीव प्राण्यांचंही तसंच. तिकडे कुत्रं घरात, सोफ्यावर, कधी अंथरुणातही असतं.

घरातली तालीम

निघायच्या सहा महिने आधीपासून मुलाने किंवा मुलीने या गोष्टी स्वतः कराव्यात: स्वतःचे कपडे धुऊन घड्या घालणं, संडास-बाथरूम धुणं, जेवण झाल्यावर सगळ्यांची भांडी घासणं, चार साधे पदार्थ शिजवणं. मुलग्यांच्या बाबतीत मी हे जास्त आग्रहाने सांगतो, कारण आपल्या घरांत अजूनही ताट उचलून ठेवलं की मुलाचं कौतुक होतं. तिकडे सोळा वर्षांचा मुलगा गवत कापतो, कचरा बाहेर ठेवतो आणि त्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही. यजमानांची तक्रार अभ्यासाची क्वचित असते. ती ‘खोलीतून बाहेर येत नाही’, ‘मदतीला हात लावत नाही’ अशीच असते.

कोल्हापूरने हे पूर्वी केलेलं आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली आणि खेड्यापाड्यांतली पोरं इथे परक्या छताखाली राहून, एकमेकांच्या सवयींशी जुळवून घेत शिकली. ज्या घरात आजोबा बोर्डिंगमध्ये राहिलेले असतील, त्यांना मुलाबरोबर बसवा. परदेशी राहण्याची त्यांच्याइतकी उत्तम शिकवणी कुठल्याही क्लासमध्ये मिळणार नाही.

सामानात भेटवस्तू लहान आणि आपल्या ठेवा: हुपरीच्या चांदीची छोटी वस्तू, चपलेची किल्लीसाखळी, एखादी खरी कोल्हापुरी चप्पल. कांदा-लसूण मसाला न्यायचा तर बंद पाकिटात आणि मोठ्या बॅगेत. अमेरिकेच्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड नेता येत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना जाहीर करावी लागते. आणि शाळेतल्या सादरीकरणासाठी मर्दानी खेळांचा व्हिडिओ न्या. पट्टा-तलवार घरीच राहू दे.

तिथल्या शाळेत

आता थेट तुझ्याशी बोलतो. अमेरिकेत वर्ग तुझ्याकडे येत नाही, तू तासातासाला खोली बदलतोस. विषय तुला निवडायचे असतात. इंग्रजी आणि अमेरिकेचा इतिहास बहुधा घ्यावाच लागतो. गणित सोपं वाटेल, तो वेळ आपल्याकडे न मिळणाऱ्या विषयाला दे: सुतारकाम, नाटक, वाद्यवृंद. खेळ मोसमाप्रमाणे असतात आणि मैत्री तिथेच होते. हिवाळ्यात कुस्तीचा मोसम येतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पदक आणणारे खाशाबा जाधव आपल्या राजाराम कॉलेजचे. तालमीत कधी गेला नसलास तरी तिकडच्या मॅटवर नाव घालून ये. जर्मनीत गेलास तर पेठेतला फुटबॉल कामी येईल, पण तिथे संघ शाळेचे कमी आणि गावच्या क्लबचे जास्त असतात. जपानमध्ये शाळेच्या दारात बूट बदलून आतले बूट घालावे लागतात आणि वर्ग विद्यार्थीच झाडतात.

पहिले सहा आठवडे कठीण जातील. घरी रोज व्हिडिओ कॉल केलास तर ते आणखी लांबतील. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी बोल. आई-वडिलांनीही हे पाळायचं. मध्यरात्री रडका फोन आला तर ऐकून घ्या, पण लगेच संस्थेला फोन करू नका. एक रात्र जाऊ द्या.

याला एक मोठा अपवाद आहे. घरातलं कुणी नकोसं वागलं, अंगाला हात लावला, कागदपत्रं काढून घेतली, उपाशी ठेवलं, तर एक रात्रही थांबायचं नाही. स्थानिक समन्वयकाला ताबडतोब सांगायचं. अमेरिकेत तो यजमान घरापासून १२० मैलांच्या आत राहणारा असावा लागतो आणि त्याने महिन्यातून एकदा विद्यार्थ्याशी बोलावं लागतं. त्याने दुर्लक्ष केलं तर प्रायोजक संस्था, मग थेट परराष्ट्र खात्याची विद्यार्थी हेल्पलाइन. हे क्रमांक फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे हवेत. घर बदलून मागणं हा मुलाचा हक्क आहे आणि त्यात कसलीही नामुष्की नाही. ही गोष्ट मुलीला आणि मुलाला, दोघांनाही, निघण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगा. रोटरीत दारू, अमली पदार्थ, गाडी चालवणं आणि प्रेमप्रकरण या चारही गोष्टींना मनाई असते. मोडलं तर पुढच्या विमानाने परत पाठवतात.

रोजची डायरी ठेव. आपले राजाराम महाराज १८७० मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी युरोपच्या प्रवासाला गेले आणि तिथे पाहिलेलं इंग्रजीत लिहून ठेवत होते. परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. तिथल्या कॅशिने बागेत, नदीकाठी, त्यांचं स्मारक आजही आहे. त्या तरुणाने काय पाहिलं हे आज कळतं ते त्या नोंदींमुळे. इटलीत जाणार असशील तर ते स्मारक बघून ये.

परत येताना आणि नंतर

निघण्याआधी तिथल्या शाळेकडून गुणपत्रक सही-शिक्क्यासह, बंद लिफाफ्यात, दोन प्रती घ्या. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणपत्रिकेवरच होतो, पण मधल्या वर्षाचं गॅप प्रतिज्ञापत्र लागतं आणि त्याला हे गुणपत्रक व डीएस-२०१९ ची प्रत जोडली की प्रश्न उरत नाही. आता अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, त्यामुळे नोंदणीच्या तारखांवर पालकांनी इथून लक्ष ठेवावं. मुलगा विमानात असताना मुदत संपायला नको.

आपल्या घरी परदेशी मूल राहायला येणार असेल तर त्याची तयारी तितकीच नीट करा. पाहुण्याची नोंद २४ तासांत ऑनलाइन करावी लागते, आणि व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणीही. शाळेच्या मुख्याध्यापकांना दोन महिने आधी भेटा, गणवेश शिवून ठेवा. पहिले पंधरा दिवस रश्श्याचा तिखटपणा निम्मा करा. पांढऱ्या रश्श्यापासून सुरुवात केलेली बरी. आणि तिसऱ्या दिवसापासून त्या मुलाला भांडी घासायला बोलवा.